मुंबईचं जहाज, हार्टलपूलचा धक्का

इंग्लंडमध्ये कुठेही घर असलं तरी सरळ रेषेत मोजलं तर समुद्र सव्वाशे किलोमीटरच्या आतच असतो. त्यामुळे जुलैअखेर शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागली, की घरोघरी डबे आणि थर्मास भरले जातात आणि गाड्या किनाऱ्याकडे वळतात. ही सवय जुनी आहे. १८४१ मध्ये लंडन ते ब्रायटन रेल्वे सुरू झाली, १८७१ च्या कायद्याने सार्वजनिक सुट्ट्या ठरल्या, आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहू लागल्या तेव्हा अख्खी गावंच्या गावं ब्लॅकपूलच्या वाळूवर उतरू लागली. तिथला १५८ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा १८९४ मध्ये खुला झाला. त्याच्या पायऱ्या झिजवल्या त्या या गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटलं. स्वस्त विमानप्रवासाने लोकांना स्पेनच्या उन्हाची गोडी लावली. त्याच काळात जहाजं बांधणारे कारखाने एकामागून एक बंद पडले, मासेमारीही आक्रसली. पाहुणे गेले आणि हातचं कामही गेलं. या पडझडीतून किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी संग्रहालयांचा आधार शोधला. लाइम रीजिसला मेरी ॲनिंगच्या जन्मस्थळावरच गावाचं संग्रहालय आहे. या गरीब सुताराच्या मुलीने इथल्या कड्यांतून १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा काढला, आणि लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने मात्र १९१९ पर्यंत एकाही स्त्रीला सदस्य करून घेतलं नाही. तिथल्या वाळूवर आजही मुलं दगडांतले शंखाकृती जीवाश्म वेचतात. असं बरंच काही सांगता येईल. पण या साऱ्या किनाऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ठिकाण सहलींच्या यादीत फारसं नसतं. ते ईशान्य किनाऱ्यावर आहे, गावाचं नाव हार्टलपूल, आणि तिथल्या धक्क्याला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं शिडाचं जहाज आपल्या मुंबईत घडलेलं आहे.

एचएमएस त्रिंकोमाली. जुन्या मोजणीनुसार ३८ तोफांची फ्रिगेट. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटनमधलं ओकचं लाकूड संपत आलं, तेव्हा नौदलाने मुंबईच्या गोदीकडे मोर्चा वळवला. मलबारचा साग इथे येत होता, आणि तो घडवणारे हातही इथेच होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ब्रिटिश आरमारासाठी जहाजं बांधली; ज्या एचएमएस कॉर्नवॉलिसवर १८४२ चा नानकिंगचा तह झाला तेही मुंबईचंच होतं. त्रिंकोमालीचं काम जमशेदजी बोमनजी वाडियांकडे होतं. तिचे पहिले आराखडे ज्या जहाजातून मुंबईला निघाले होते, त्या एचएमएस जावाला १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने गाठलं आणि आराखडे जहाजाबरोबरच गेले. पुन्हा नवे मागवावे लागले. १८१६ मध्ये कणा बसला, त्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज मुंबईच्या पाण्यात उतरलं.

यापुढची कथा मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण जहाज कसं वाचतं हे तिच्यात आहे.

त्रिंकोमाली १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचली तेव्हा युद्ध संपलेलं होतं. पुढची पंचवीसेक वर्षं ती राखीव म्हणून नुसती उभी होती. १८४७ ते १८५७ या दशकात तिने अटलांटिक आणि प्रशांत महासागरात गस्त घातली. मग वाफेची जहाजं आली आणि तिचं लढाऊ आयुष्य संपलं. नौदलाने तिला नवशिक्या खलाशांना शिकवण्यासाठी वापरलं. त्यातली काही वर्षं ती हार्टलपूललाच होती. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली. नेमक्या त्याच वर्षी व्हीटली कॉब या गृहस्थाचं फुद्रोयाँ हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. हे एकेकाळी ॲडमिरल नेल्सनचं जहाज होतं आणि कॉब ते मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी चालवत असे. त्याने भंगारवाल्यांकडून त्रिंकोमाली विकत घेतली, तिला फुद्रोयाँचंच नाव दिलं, आणि आधी फाल्मथला, नंतर पोर्ट्समथला, १९८६ पर्यंत त्या डेकवर पोरं दोर ओढायला आणि गाठी मारायला शिकत राहिली. म्हणजे खरी लढाई अशी तिच्या वाट्याला आलीच नाही, पण शिकवण्याचं काम तिने शतकाहून अधिक काळ केलं. लढाईच्या आठवणीने ती कदाचित वाचली नसती. तिच्यावर रोज कोणाची तरी मुलं चढत होती, म्हणून ती वाचली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हार्टलपूलच का? या गावातल्या विल्यम ग्रे यांच्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली होती आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बंद पडला. हात रिकामे होते, कसब मात्र गेलेलं नव्हतं. १९७९ मध्ये इथे एचएमएस वॉरियर दुरुस्तीसाठी आणलं गेलं. १८६० ची ही लोखंडी युद्धनौका वेल्समध्ये तेलाच्या धक्क्याचा तराफा म्हणून पडून होती. आठ वर्षं राबून गावच्या कारागिरांनी ती इतकी उत्तम उभी केली, की १९८७ मध्ये ती पोर्ट्समथला दिमाखात गेली. वॉरियर गेलं त्याच उन्हाळ्यात त्रिंकोमाली आली. तिचं काम २००१ पर्यंत चाललं. ब्रिटनमधली पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून आज ती ओळखली जाते. नेल्सनचं व्हिक्टरी तिच्याहून वयाने मोठं, पण ते सुक्या गोदीत उभं आहे. तिच्या सांगाड्यातला बराच भाग अजूनही मूळ सागवानाचाच आहे. इंग्लंडच्या ओकला कीड लागते आणि बुरशी धरते. आपल्या सागाने दोनशे वर्षं खारं पाणी सोसलं.

आता तिथल्या एका दिवसाविषयी. धक्क्याच्या तिन्ही बाजूंनी अठराव्या शतकातलं बंदर उभारलेलं आहे. शिंप्याचं दुकान, बंदूक बनवणाऱ्याचं दुकान, होकायंत्रं आणि दुर्बिणी विकणाऱ्याचं दुकान अशी रांग लागते. मधूनच तोफ डागली जाते आणि लहान मुलं आईला बिलगतात. पण खरी मजा जहाजात शिरल्यावर. तोफांच्या डेकखालच्या मजल्यावर मोठ्यांना मान वाकवून चालावं लागतं आणि मुलं मात्र ताठ पळत सुटतात. तिथेच जेवणाची टेबलं टांगलेली, वर झोळीसारख्या झोपायच्या जागा, माणसामाणसांत वीतभर अंतर. एवढ्यात शेकडो माणसं वर्षानुवर्षं कशी राहिली हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि उत्तर द्यायला गणवेश घातलेला कोणी निवृत्त स्वयंसेवक जवळ उभा असतो. माहितीचा फलक वाचून जे समजत नाही ते अशा माणसाकडून समजतं. बऱ्याच ठिकाणी एकदा काढलेलं तिकीट वर्षभर चालतं, त्यामुळे आजूबाजूची कुटुंबं पुन्हा पुन्हा येतात आणि संग्रहालय गावाच्या रोजच्या जगण्यात मिसळतं.

पोर्ट्समथचं वैभव मोठं आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. आठव्या हेन्रीच्या डोळ्यांदेखत १९ जुलै १५४५ रोजी बुडालेलं मेरी रोझ हे जहाज तिथे ११ ऑक्टोबर १९८२ रोजी समुद्रातून वर काढलं गेलं. गाळात रुतलेली एक बाजू तेवढी शिल्लक होती. लाकूड कोरडं पडून चिरू नये म्हणून आधी थंड पाणी आणि मग मेणासारखं रसायन, असा फवारा २०१३ पर्यंत चालू होता. सुमारे १९,००० वस्तू मिळाल्या. त्यांत लांब धनुष्यं आहेत, फासे आहेत, उवा काढायच्या फण्या आहेत, आणि सुताराच्या खोलीजवळ सापडलेला एका छोट्या कुत्र्याचा सांगाडाही आहे. मुलं त्या कुत्र्यापाशीच सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात.

ब्रायटनला गेलात तर रॉयल पॅव्हेलियनमधलं एक दालन चुकवू नका. इंग्रज राजपुत्राने हिंदुस्थानी घुमटांच्या हौसेने बांधलेला हा महाल डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होता. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याच्या तोट्या वेगळ्या होत्या. या काळात मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकड्यांवर झालं. तिथे १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली गेली. ती पाहायला शेतांतून चढ चढून जावं लागतं. मुलांना अवश्य न्यावं.

आता आपल्याकडचा हिशोब. आयएनएस विक्रांतचा सांगाडा १९४५ मध्ये टाईन नदीवर पाण्यात उतरला. हार्टलपूलपासून तो कारखाना तासाभराच्या अंतरावर होता. बेलफास्टला ती पूर्ण झाली, ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात आली, १९७१ मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार बंदरांवर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर २००१ पासून मुंबईत तिचं संग्रहालय झालं, कितीतरी शाळांच्या सहली तिच्यावर गेल्या. २०१२ मध्ये ते बंद पडलं आणि २०१४ मध्ये मुंबईतच ती तोडली गेली. आयएनएस विराट इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेसला बांधलेली. तिच्यासाठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ८५२ कोटी रुपयांच्या संग्रहालयाला मंजुरी दिली होती. ते झालं नाही आणि २०२० मध्ये ती तोडण्यासाठी अलंगला गेली. मुंबईने बांधलेलं जहाज इंग्लंडच्या एका गरीब गावाने जपलं, आणि इंग्लंडमध्ये बांधलेली आपली दोन्ही विमानवाहू जहाजं आपण तोडली. हे मला फार लागतं.

इंग्रजांना सगळंच जमलं असं नाही. फॉकलंड युद्धात जिच्यावर दक्षिण जॉर्जियाच्या शरणागतीवर सह्या झाल्या ती एचएमएस प्लिमथ बर्कनहेडला संग्रहालय म्हणून उभी होती. ते २००६ मध्ये बंद पडलं आणि विक्रांत तुटली त्याच वर्षी तीही तुर्कस्तानात तोडली गेली. पोलादी जहाजं राखणं हे न संपणारं, प्रचंड खर्चाचं काम आहे. हार्टलपूलचा धडा असा की जहाजाआधी त्याला उभं करायला गोदी हवी, ते राखणारे कारागीर हवेत आणि दरवर्षी येणारा पैसा हवा. ब्रिटनमध्ये १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा अशा वारशाच्या कामांना जातो. आपल्याकडे निवृत्तीनंतर समित्या नेमल्या जातात, तोवर तळाला गंज लागलेला असतो.

म्हणून दोन विनंत्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येत्या सुट्टीत मुलांना हार्टलपूलला न्यावं, आणि हा साग आपल्या मुंबईच्या गोदीत तासला गेला हे त्या डेकवर उभं राहून मराठीत सांगावं. आणि मुंबईकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे एवढंच मागावं. वाडियांनी जिथे ही जहाजं बांधली ती गोदी आजही लायन गेटच्या आत नौदलाच्या वापरात आहे. सुरक्षेच्या सगळ्या अटी पाळून वर्षातले काही ठरलेले दिवस ती शाळकरी मुलांसाठी उघडावी.