ड्रॅगनच्या पोटात दुखतंय!

'माझ्या ड्रॅगनला पाच दिवस शी झाली नाहीये, टेन्शन आलंय यार!' ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी असं म्हणालं तर आधी सगळे खो-खो हसतील. मग कुणीतरी विचारेलच, 'ड्रॅगन म्हणजे नक्की काय पाळलंयस तू?'

तर मंडळी, हा आग ओकणारा ड्रॅगन नव्हे. हा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला सरडा. शेपटीसकट दीड-दोन फुटांचा. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, अगदी दाढीसारखी. म्हणून हे नाव. ऑस्ट्रेलियानं १९६०च्या दशकापासून आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला मनाई केली आहे, तरी अमेरिकेत आणि युरोपात हे महाशय आज घरोघरी आहेत. बहुतेक सगळे तिथेच पिढ्यान्‌पिढ्या पैदास झालेले. (आपल्याकडच्या घोरपडीवर मात्र डोळा ठेवू नका. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे ती, सरळ जेल.)

तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मराठी मुलामुलींच्या फ्लॅटमध्येही तो दिसतो. कारण सोपं आहे. कुत्रा ठेवायला घरमालक नाही म्हणतो आणि आपण आठ-नऊ तास ऑफिसात. ड्रॅगन भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, खांद्यावर बसून टीव्ही बघतो. एकदम लो-मेंटेनन्स! असं दुकानदार सांगतो. ते खरं नाही, हे त्याचं पोट बिघडलं की कळतं.

पोट चालतं बल्बवर

आपण जेवलो की शरीर आपल्याच उष्णतेवर अन्न पचवतं. सरड्याकडे ती सोयच नाही. त्याच्या अंगात गरमी येते बाहेरून, म्हणजे टँकमधल्या दिव्यातून. दिव्याखालची ऊन खायची जागा साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवी आणि टँकचा दुसरा कोपरा २५-२८ अंशांवर, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येतं. खालची जागा पुरेशी तापली नाही की आतडं मंदावतं. खाल्लेलं तसंच पडून राहतं आणि जास्त दिवस राहिलं तर चक्क आत कुजतं. म्हणूनच याच्या पोटाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ ताटात कमी आणि टँकमध्ये जास्त असतं.

दुसरा दिवा असतो यूव्हीबीचा. त्यातून ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम कमी पडलं की हाडं तर वाकतातच, पण आतड्याचे स्नायूही ढिले पडतात आणि बद्धकोष्ठ होतं. 'आमचा टँक खिडकीशी आहे, भरपूर ऊन येतं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक बॅड न्यूज : काच यूव्हीबी अडवते. आणि हा बल्ब पेटत राहिला तरी त्यातला यूव्हीबी संपत जातो, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात तो बदलावाच लागतो.

माझी एक कॉलेजमधली मैत्रीण एमएस करायला ऑस्टिनला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिचा भैरू. (ड्रॅगनचं नाव भैरू ठेवणारी माझ्या ओळखीत ही एकटीच.) १४ फेब्रुवारी २०२१च्या संध्याकाळी तिनं भैरूला व्हॅलेंटाइन स्पेशल डिनर दिलं, डुबिया नावाची पाळीव झुरळं, नेहमीपेक्षा जास्तच. त्याच रात्री टेक्सासला बर्फाच्या वादळानं धरलं. १५च्या पहाटे वीज गेली. बाहेर उणे दहाच्याही खाली, घरात हीटर नाही, भैरूचा दिवा नाही आणि भैरूच्या पोटात डझनभर झुरळं!

पुढचे तीन दिवस भैरू तिच्या स्वेटशर्टच्या आत, पोटाशी. मधून मधून ती पार्किंगमध्ये उघड्यावर गाडी चालू करून हीटर लावून बसायची. उघड्यावर हे महत्त्वाचं. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, घरात कोळसा पेटवून कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेली. एक गोष्ट तिनं फार शहाणपणानं केली, ती म्हणजे त्याला एक घाससुद्धा खायला दिलं नाही. सरडा थंड असताना खायला घालणं म्हणजे बंद पडलेल्या मिक्सरमध्ये अजून खोबरं टाकणं.

वीज आली, दिवा लागला, भैरू हळूहळू तरतरीत झाला, पण शी काही होईना. पोट टम्म. पाचव्या दिवशी तो मागचे पाय ओढत चालायला लागला, तेव्हा तिनं गाडी काढली आणि रस्त्यावर बर्फ असतानाही त्याला डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेमध्ये आतडं गच्च भरलेलं. सलाइन, शेक, एनिमा. दुसऱ्या फेरीत टेबलावरच्या टॉवेलवर एकदाची झाली! तिनं आनंदाच्या भरात त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी तेव्हा वरणभात जेवत होते.

मग करायचं काय?

आधी आपल्या ड्रॅगनचं 'नॉर्मल' माहीत हवं. पिल्लं रोज करतात, मोठे कधी रोज, कधी आठवड्यातून एकदा. त्यामुळे नुसते दिवस मोजून घाबरू नका. खातोय, हिंडतोय, पोट मऊ आहे तर पहिलं काम थर्मामीटर घेऊन दिव्याखालचं तापमान मोजायचं. तळहातानं अंदाज नको, हात फसवतो. मग ३०-३५ अंशांच्या कोमट पाण्यात, त्याच्या कोपरापर्यंत येईल इतक्याच, पंधरा-वीस मिनिटं बसवा. पोटावरून मागच्या दिशेनं अगदी हलका हात फिरवा. फोन वाजला तरी त्याला पाण्यात एकटं सोडून जायचं नाही. उकडून कुस्करलेला लाल भोपळा थोडासा चाटवला तर पोटाला मदत होते. तोंडात तेल ओतायचा आजीबाईचा बटवा मात्र इथे नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

टँकमध्ये वाळू असेल तर ती काढा. दिसते झकास, वाळवंटाचा फील येतो, पण घासाबरोबर पोटात जाते आणि गोळा होऊन बसते. पिल्लांसाठी तर नकोच. वर्तमानपत्र अंथरा. किडे द्यायचे ते त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. अॅव्होकॅडो अजिबात नाही. आणि काजवा? एकसुद्धा जीव घेऊ शकतो.

शी बघायची सवय लावून घ्या, किळस येऊ दे. तपकिरी भाग आणि त्याबरोबर पांढरा खडूसारखा भाग, हे ठीक. पांढरा भाग पिवळा-केशरी आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय. पातळ, भयंकर वासाची शी होत राहिली तर कॉक्सिडिया किंवा जंतांची शंका घ्या. ताजा नमुना डबीत घेऊन डॉक्टरकडे जायचं, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून औषध ठरवतात. कुत्र्याचं जंताचं औषध अंदाजानं देऊ नका, वजन ग्रॅममध्ये असलेल्या प्राण्याला तो अंदाज महागात पडतो.

थंडीत मोठे ड्रॅगन आठवडेच्या आठवडे झोपून काढतात, न खाता, न शी करता. तेव्हा आजारी की झोपाळू हे ओळखायला किचनचा वजनकाटा बेस्ट. झोपलेल्याचं वजन फारसं उतरत नाही, आजाऱ्याचं उतरतं. मागचे पाय ढिले पडले, पोट कडक झालं, खाल्लेलं बाहेर आलं किंवा शीच्या जागेतून लाल मांस बाहेर दिसलं तर मात्र घरगुती उपाय बंद. ते मांस ओल्या कापडानं ओलसर ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.

कुठला डॉक्टर, हे आजच शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर सरडा बघत नाही. अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची एआरएव्ही नावाची संघटना आहे, तिच्या यादीत आपल्या गावाजवळचं नाव मिळतं. बिल सरड्याच्या किमतीच्या कितीतरी पट येतं, भैरूचंही आलं. मैत्रिणीनं त्या वर्षीची भारताची ट्रिप पुढे ढकलली आणि आईला कारण सांगितलं कोविड.

आणि हो, ती आंघोळ किचनच्या सिंकमध्ये नको. धडधाकट ड्रॅगनच्या शीतूनही साल्मोनेला पसरतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं बिअर्डेड ड्रॅगनमुळे पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीचा इशारा दिला, तेव्हा आजाऱ्यांत लहान मुलं जास्त होती. त्याचा टब वेगळा, घासणी वेगळी, हात साबणानं धुवायचे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा पाहुणा तूर्त नकोच.