नोकऱ्यांची मोजणी की कौशल्याची उभारणी? न्यूयॉर्कचा अनुभव

बेरोजगारांना काम मिळवून देणाऱ्या शहरी व्यवस्थेचे यश कशावरून ठरवावे, हा न्यूयॉर्क शहराच्या रोजगार धोरणातील कळीचा प्रश्न राहिला आहे.

२००३ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतंत्र रोजगार विभाग बंद करून प्रौढांसाठीच्या योजना लघुउद्योग सेवा विभागाकडे सोपविल्या. उद्योगांची गरज ओळखून उमेदवार पुरविणे, हा त्यामागील हेतू होता. 'वर्कफोर्स वन' केंद्रांमार्फत नोकऱ्या मिळू लागल्या. मात्र त्यांपैकी अनेक नोकऱ्या अल्प वेतनाच्या होत्या.

२०१४ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने 'करिअर पाथवेज' आराखडा जाहीर केला. तातडीच्या नोकरीऐवजी प्रशिक्षणावर भर, उद्योगनिहाय भागीदारी आणि अल्पशिक्षितांना प्रशिक्षणास पात्र करणारे 'ब्रिज' वर्ग ही त्याची सूत्रे होती. या वर्गांवर २०२० पर्यंत वार्षिक ६ कोटी डॉलर खर्चण्याचे उद्दिष्ट मात्र गाठता आले नाही.

केवळ भरलेल्या जागा मोजल्या, तर संस्था सहज नोकरी मिळेल अशाच उमेदवारांकडे वळतात आणि गरजू मागे राहतात. टिकलेली नोकरी व वाढलेले वेतन हा निकष हवा. त्याला पुरेशा निधीची जोडही हवी.