गीझर बदलणे : कुठपर्यंत आपला हात, कुठून वायरमनचा

थंडी सुरू झाली की इलेक्ट्रिकच्या दुकानांत गीझरची गर्दी वाढते आणि मिस्त्री मिळेनासा होतो. आज येतो, उद्या येतो, असे करता करता आठवडा जातो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण कारागीर आहेत. लूमची मोटर उतरवणे, शिलाई मशिनचे दुखणे ओळखणे हे त्यांचे रोजचे काम. अशा माणसाला साहजिकच वाटते की, दोन पाइप आणि एक पिन, यात एवढे काय आहे? हे आपणच करू.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. पण घरचा आणि गोदामाचा गीझर उतरवणे-चढवणे हे काम आम्ही जाणत्या वायरमनकडून शिकून स्वतः केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे काम घरी होण्यासारखे आहे. मात्र त्याला एक हद्द आहे. जुन्याच्या जागी तेवढ्याच ताकदीचा नवा, त्याच पॉइंटवर, त्याच पाइपावर, एवढेच आपले काम. यापलीकडे काही बदलायचे असेल तर वायरमनला बोलवावे.

ही हद्द आम्ही मनाने ठरवलेली नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने हेच सांगितले होते. २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे, दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची अदलाबदल करताना जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर सूट. बाकी सारे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले, त्यांतही हीच रेघ कायम राहिली.

आधी दुखणे ओळखा

गीझर बंद पडला म्हणजे तो बदललाच पाहिजे, असे नाही. दुकानदार नवा विकायला बसला आहे, तो जुना दुरुस्त करा असे सहसा सांगणार नाही. पाणी गरम होत नाही, पण गळती कुठेच नाही, तर बहुधा एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. हे सुटे भाग मिळतात आणि नव्या गीझरच्या मानाने फार स्वस्त पडतात. पाणी पाइपाच्या जोडावर ठिबकत असेल तर वॉशर बदलून भागते. पण पाणी बॉडीच्या आतून, खालच्या झाकणातून येत असेल आणि आतली टाकी सडली असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालू नका. गीझर सुरू करताच ब्रेकर पडत असेल किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर त्याच क्षणी तो बंद करा. बहुतेक वेळा एलिमेंट फुटून वीज पाण्यात उतरत असते. वायरमनने पाहिल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये.

खरेदीचा हिशेब

थान घेताना आपण पन्हा पाहतो, वजन पाहतो, धागा चोळून पाहतो. गीझर घेतानाही तीच नजर ठेवावी.

पहिली गोष्ट, आयएसआय चिन्ह. साठवणीच्या विजेच्या गीझरसाठी आयएस २०८२ हे मानक आहे. चिन्हासोबत सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर चिन्ह खोटे समजावे. क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो.

दुसरी, वॅट. जुन्या गीझरच्या पट्टीवर २ किलोवॅट लिहिले असेल तर नवाही २ किलोवॅटचाच घ्या. २३० व्होल्टवर २ किलोवॅट सुमारे ८.७ अँपिअर खेचतो, ३ किलोवॅट १३ अँपिअर. 'लवकर तापेल' म्हणून ३ किलोवॅटचा घेतला आणि मागची तार २ किलोवॅटच्या हिशेबाने टाकलेली असली, तर रोज सकाळी भिंतीतली तार तापणार. इथे वायरमनची हद्द सुरू होते.

तिसरी, दाब. पट्टीवर ८ बार असे काही लिहिलेले असते. दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे १ बार वाढतो. उंच इमारतीत, किंवा जिथे प्रेशर पंप बसवला आहे तिथे, ८ बारपेक्षा कमी दाबाचा गीझर घेऊ नये.

चौथी, विजेचे बिल. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १ युनिट लागते आणि २ किलोवॅटच्या गीझरला अर्धा तास. १५ लिटरला ०.६ युनिट आणि १८ मिनिटे. चार माणसांनी एकामागून एक आंघोळ करायची असेल तर उगाच मोठी टाकी घेण्यात फायदा नाही. लेबलावरचे तारे हे मुख्यतः साठवलेले पाणी किती उष्णता राखते त्याचे आहेत. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्यांचा लाभ जास्त, अर्धा तास लावून बंद करणाऱ्याला कमी.

पक्के बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. कंपनीच्या माणसाने बसवल्याशिवाय वॉरंटी मिळत नाही, अशी अट आहे का, हे पैसे देण्याआधी वाचा. अट असेल तर स्वतः बसवून मजुरी वाचवणे हा तोट्याचा सौदा होईल.

अर्थिंग : सर्वांत मोठी जोखीम

गीझरच्या पिनेला तीन पाय असतात. जाड पाय अर्थचा. एलिमेंट फुटले तर वीज या वाटेने जमिनीत जाते आणि ब्रेकर पडतो. ही वाट बंद असेल तर वीज ओल्या माणसाच्या अंगातून वाट काढते.

जुन्या चाळी आणि पगडीच्या खोल्यांत अर्थची तार पुष्कळदा लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. पुढे गंज चढला म्हणून तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला की अर्थ संपली, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडणे. वरवर सारे ठीक चालते, पण मागे न्यूट्रल तुटली की गीझरची सबंध बॉडी जिवंत होते.

म्हणून नवा गीझर घरी आणण्याआधी एकदा परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज कुठे गळू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. गीझर स्वतः बदलून जी मजुरी वाचेल ती या कामात घाला. त्यानंतर महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबून ती पडते की नाही ते पाहत जा. पॉइंट १६ अँपिअरचाच हवा. ६ अँपिअरच्या पॉइंटवर जोडकाम करून गीझर लावू नये.

जुना उतरवणे

केवळ स्विच बंद करून भागत नाही. ब्रेकर पाडा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा, नाहीतर काम चालू असताना कोणीतरी 'लाइट गेली' म्हणून तो उचलून ठेवील. टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून तो चांगला असल्याची खात्री करा, मग गीझरच्या पॉइंटवर लावा. पिन काढून बाजूला ठेवा. तार पिनेऐवजी थेट भिंतीतल्या बोर्डात गेली असेल तर ती वायरमनकडूनच सोडवून घ्यावी.

पाणी निवू द्या. गार पाण्याचा कॉक बंद करा. गरम नळ उघडला तरी टाकी रिकामी होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना चकवते. सबब अशी की गार पाणी खालून आत येते आणि वरचे गरम पाणी बाहेर ढकलते. मागून रेटा नसेल तर पाणी आतच राहते. खाली दोन बादल्या ठेवा. आधी लाल खुणेची, म्हणजे गरम पाण्याची जोडणी सोडा, म्हणजे हवा आत शिरेल. मग निळ्या खुणेची सोडा, म्हणजे पाणी उतरेल. उतरवताना दोन माणसे असावीत, कारण थोडे पाणी आत राहतेच.

जुना गीझर भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्याची आतली टाकी कशाची आहे ते पट्टीवर पाहा. तांब्याची असेल तर भाव वेगळा.

नवा चढवणे

२५ लिटर पाण्याचेच वजन २५ किलो, वर गीझरचे स्वतःचे. एवढा भार ओल्या प्लास्टरवर किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर टाकू नये. विटांची भक्कम भिंत किंवा काँक्रीट हवे, आणि खिळ्यांऐवजी फास्टनर. नव्या गीझरचे हुक जुन्या भोकांशी जुळले नाहीत तर नवी भोके पाडावी लागतील. तेव्हा स्विच आणि नळ यांच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका. भिंतीतली तार आणि पाइप बहुधा त्याच रेषेत असतात. उभा गीझर आडवा बसवू नये. आडव्याची बांधणी वेगळी असते.

निळ्या जोडणीवर सोबत आलेला मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह बसवा. त्यावरचा बाण गीझरकडे असावा. व्हॉल्व्हच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. जोडपाइपाच्या ज्या टोकाला रबरी वॉशर आहे तिथे टेपची गरज नाही, आणि पान्याने फार आवळले तर वॉशर कापला जातो. गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही. तिथे सीपीव्हीसी किंवा धातूचा हवा.

प्रोसेस हाऊसच्या बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, हे कापडाच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. गीझरवरचा हा व्हॉल्व्ह त्याचाच लहान भाऊ. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवले तर सुमारे पाव ते अर्धा लिटर वाढते. ते वाढलेले पाणी या व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येते. काही घरांत 'गळतो' म्हणून त्याचे तोंड एमसीलने बुजवतात. थर्मोस्टॅट अडकला आणि व्हॉल्व्हही बुजलेला, तर टाकी फुटायला दुसरे काही लागत नाही. ठिबकणे त्रासाचे वाटत असेल तर तोंडाला नळी लावून मोरीत सोडा. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये कोणताही कॉक बसवू नका.

आधी पाणी, मग वीज

जोडणी झाली की गरम नळ पूर्ण उघडा आणि मग गार पाण्याचा कॉक सोडा. आधी हवा येईल, नळ खोकल्यासारखा करील. धार सलग झाली म्हणजे टाकी भरली. नळ बंद करून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा. कागद कोरडा राहिला तरच हात पुसा, पिन लावा, ब्रेकर उचला. रिकाम्या टाकीत वीज सोडली तर एलिमेंट काही क्षणांत जळते, आणि ते वॉरंटीत धरले जात नाही.

अर्ध्या तासानंतर दिवा आपोआप विझला तर थर्मोस्टॅट काम करतो आहे. पाणी कोमटच येत असेल तर लाल-निळी जोडणी उलटी झाली नाही ना, ते पाहा. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी दोन वर्षांतून एकदा एलिमेंटवरचा क्षार आणि आतली मॅग्नेशियमची कांडी तपासून घ्यावी. ही कांडी आधी झिजते म्हणून टाकी वाचते. ती संपली की टाकीची पाळी येते.

गॅस गीझरला हे काहीच लागू नाही. त्याला घरच्या हाताने शिवू नये. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस मदतीची हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत, कंपनीच्या माणसाकडूनच बसवावा.

आमच्या मिस्त्री आणि वायरमन बंधूंनी या लेखाचा राग मानू नये. पाना फिरवण्याची मजुरी कमी झाली तरी अर्थिंग तपासणे, आरसीसीबी बसवणे, जुनी तार बदलणे ही कामे मोठी आहेत आणि त्यांचा मोबदलाही चांगला आहे. परवाना जवळ ठेवा, केलेल्या कामाची पावती द्या, गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल. आणि वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अर्थिंगची खात्री नसेल त्या दिवशी गीझर खोक्यातच राहू द्यावा. चुलीवर पाणी तापवून एक आठवडा काढता येतो.