नवा प्रवाळ-टँक: आकडा गाठण्यापेक्षा टिकवणं महत्त्वाचं

प्रवाळांचा टँक म्हटलं की डोळ्यांपुढे रंग, मासे आणि निळा दिवा येतो. आज आपण त्यातलं काहीच बघणार नाही. आज फक्त पाणी.

सुरुवात आमच्या चुकीपासून करू. न्यू जर्सीच्या घरात आम्ही दोघांनी पहिला टँक लावला तेव्हा जानेवारी होता. बाहेर बर्फ, आत हीटिंग, खिडक्या घट्ट बंद. पीएच मोजला तर ७.८. पुस्तकात मात्र ८.२. मग रोज बफरची पावडर टाकायला लागलो. पीएच तेवढ्यापुरता वर जायचा आणि सकाळी पुन्हा खाली. आठवड्याभरात अल्कलिनिटी ८ वरून १३ वर गेली, हीटरवर पांढरा थर बसला, आणि प्रवाळाचे दोन तुकडे टोकांकडून पांढरे पडून मेले. खरा उपाय होता खिडकी उघडणं! तो कसा, ते पुढे येईलच.

आधी पाणी तयार करणं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट असू शकतं, कधी पाइपातलं तांबंही येतं. तांबं तर प्रवाळाला विषच. म्हणून आरओ-डीआयचं पाणी घ्यायचं, टीडीएस शून्य. त्यात समुद्री मीठ हळूहळू घालून पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरू द्यायचं. खारेपणा हवा दर किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. आता लक्षात ठेवा, पाणी उडून जातं, मीठ नाही. १०० लिटरच्या टँकमधून रोज १ लिटर उडालं आणि आपण दहा दिवस भर घातली नाही, तर ३५ चे जवळजवळ ३९ होतात. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याची. खाऱ्या पाण्याची भर घातलीत तर खारेपणा वाढतच जाणार.

दुसरी पायरी अमोनियाची. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. एका गटाचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जीवाणू दगडांवर, वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा दिसला तरी रिकामा ठेवायचा. मासा टाकून टँक 'चालू करणं' म्हणजे त्या माशाला विषात ठेवणं. समुद्राच्या पाण्याचा पीएच जास्त असतो, त्यामुळे अमोनियाचा विषारी भागही गोड्या पाण्यापेक्षा जास्त. माशाऐवजी अमोनियम क्लोराइड घालून २ पीपीएमपर्यंत अमोनिया आणायचा. तो आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले, की समजायचं वस्ती बसली.

तिसरी पायरी, जिथे आम्ही घसरलो. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियम हवं साधारण ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, आणि अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. नव्या टँकमध्ये प्रवाळ नसतानाही ती थोडी उतरते, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना ती खर्ची पडते. तेव्हा घाबरून डोस वाढवू नका.

डोस ठरवायचा कसा? कॅलेंडर बघून नाही, मोजून. काही न घालता सोमवारी ८.४ आली आणि गुरुवारी ७.८, म्हणजे तीन दिवसांत ०.६, रोजचा खर्च ०.२. तेवढंच रोज द्यायचं. कमी भरली असेल तर दिवसाला १ पेक्षा जास्त चढवायची नाही. ७.५ वर स्थिर असलेला टँक चांगला, ७ आणि १० मध्ये झोके खाणारा वाईट. कारण प्रवाळ आकडा वाचत नाही, त्याला बदल सोसावा लागतो.

आता ती खिडकी. बंद घरात माणसं श्वास सोडतात, गॅसची शेगडी पेटते, हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. अल्कलिनिटी तिथेच असते. अशा वेळी बफर घालणं म्हणजे नसलेल्या आजारावर औषध. ओळखायचं असं: टँकचं पेलाभर पाणी घेऊन बाहेरच्या हवेत एअरपंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पीएच पुन्हा मोजा. वाढला, तर दोष हवेचा. आम्ही हे केलं तेव्हा तो ७.८ वरून ८.२ वर गेला. पण तोवर ते दोन तुकडे गेले होते.

भारतातून ऐकणाऱ्या एका ताईंनी चॅटवर विचारलंय, मालवणहून समुद्राचं पाणी आणि प्रवाळाचा तुकडा आणला तर चालेल का? ताई, प्रवाळ मुळीच नाही. भारतातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, समुद्रातून ते उचलणं हा गुन्हा आहे. आणि किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात नद्यांमुळे गोडं आणि गढूळ होतं, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तर मंडळी, एक वही करा. तारीख, खारेपणा, तापमान, अल्कलिनिटी लिहा. काही बदलायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा. आम्हाला ती वही दोन जीव गमावल्यावर सुचली. तुम्ही पहिल्या दिवसापासून ठेवा.