भेंडी बाजार: घर मिळाले, गल्ली टिकेल का?

रमजान सुरू झाला की मुंबईत संध्याकाळी पावले मोहम्मद अली रोडकडे वळतात. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत मालपुवे तळले जातात, मातीच्या वाट्यांत फिरनी मांडलेली असते. रात्रीची तरावीहची नमाज आटोपली की गर्दी आणखी वाढते. त्यात रोजा ठेवणारे असतात, तसे केवळ खाण्यासाठी डोंबिवली-ठाण्याहून आलेलेही असतात.

इथून जवळच भेंडी बाजार आहे. ही वस्ती केवळ बाजाराची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथे राहिले आणि त्यांच्या गायकीला ‘भेंडीबाजार घराणे’ हेच नाव पडले. अंजनीबाई मालपेकर नझीर खाँकडे शिकल्या. लता मंगेशकर यांनी छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे काही काळ तालीम घेतली.

आज याच वस्तीत मोडकळीला आलेल्या चाळी पाडून मनोरे उभे राहात आहेत. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पात साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने येतात. पागडीच्या एका खोलीत पिढ्या काढलेल्या भाडेकरूंना त्याच ठिकाणी मालकीचे घर मिळते, ही मोठी गोष्ट आहे. गिरणगावात तसे घडले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, त्या जागी मॉल आणि मनोरे आले, आणि कितीतरी कामगारांना उपनगरांची वाट धरावी लागली.

पण वस्ती म्हणजे फक्त घरे नव्हेत. भाडेपावती असलेल्याचे नाव यादीत येते. जिन्याखाली चाव्या बनवणारा, फुटपाथवर अत्तराच्या कुप्या मांडणारा, संध्याकाळपुरती फळांची गाडी लावणारा, यांच्याकडे कसली पावती? रस्ते रुंद आणि स्वच्छ झालेच पाहिजेत. त्या रुंद रस्त्यावर या लोकांना उभे राहायला जागा आहे का, यावरच ही वस्ती सुधारली की नुसती महागली, हे ठरेल.

सँडहर्स्ट रोड स्थानकावर उतरून या महिन्यात एकदा तिकडे जाऊन या. पोटभर खा, मग मान वर करून मनोरेही पाहा. आणि निघताना खजूर मात्र गाडीवाल्याकडूनच घ्या.