भारताची भारती का झाली नाही?

बालाघाटहून बैहरला निघालं की घाट चढावा लागतो. जिल्ह्याचं नाव या घाटावरूनच पडलं. फारसी 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना पायनघाट-बालाघाट ही जोडी ठाऊक आहे, आणि बीडकडच्या डोंगररांगेचंही नाव हेच. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी नवा जिल्हा केला. हे नाव खरं शोभत होतं ते बैहरच्या पठाराला. मुख्य ठाणं मात्र घाटाखाली, बुऱ्हा नावाच्या गावी ठेवलं गेलं आणि पुढे त्या गावालाच बालाघाट म्हणू लागले. आज घाटाखालच्या शहराचं नाव 'घाटावरचा' असं आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. नाव एकदा रुळलं की अर्थाची आठवण कोण ठेवतो?

देशाच्या नावाबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात बैहरपासून केली, याला कारण आहे. या पठारावरून बंजर आणि हालोन उत्तरेला वाहतात आणि त्यांचं पाणी नर्मदेला मिळतं. घाटाखालची वैनगंगा दक्षिणेला जाते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीत पोचतं. एका बाजूला 'नर्मदा मैया', दुसऱ्या बाजूला 'गोदामाई'. नदी बाई आहे, माती बाई आहे, भूमी बाई आहे. पण देश? देश 'तो'. भारत 'तो'. महाराष्ट्रही 'तो'च, आणि गंमत म्हणजे 'राष्ट्र' हा शब्द नपुंसकलिंगी असताना. राष्ट्र ते, पण महाराष्ट्र तो! व्याकरणाने पुरुष ठरवलेल्या या भारताला आपण 'माता' म्हणतो, कॅलेंडरवर साडी नेसवतो, हातात ध्वज देतो. हे कधी झालं, आणि 'माता' हा शब्द वेगळा जोडावा का लागला, हा माझा प्रश्न.

युरोपात हा प्रश्न आलाच नाही. लॅटिनमध्ये बहुतेक देशांची नावं मुळातच स्त्रीलिंगी: ब्रिटानिया, जर्मानिया, इटालिया, हिस्पानिया. नाव स्त्रीचं, म्हणून चित्रही स्त्रीचं. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर ब्रिटानिया बसलेली दिसते, तीही जिंकलेल्या प्रांताची खूण म्हणून. पुढे १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या तांब्याच्या नाण्यांवर ती परतली, तेव्हा मात्र मालकीण होऊन. आपल्याकडे ती चहात बुडवायच्या बिस्किटाच्या पुड्यावरून घरोघर पोचली, हा भाग निराळा. अमेरिकेने हाच साचा उचलला. कोलंबसच्या नावाला '-इया' लावलं आणि कोलंबिया नावाची बाई उभी राहिली. १७३८ साली लंडनच्या एका मासिकात अमेरिकेसाठी हे नाव छापलं गेलं, आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात गुलाम म्हणून आणलेल्या फिलिस व्हीटली या कवयित्रीने वॉशिंग्टनला उद्देशून लिहिलेल्या कवितेत कोलंबियाला देवीसारखं उभं केलं. राजधानीच्या जिल्ह्याला ते नाव मिळालं. पुढे १८८६ साली न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आला आणि कोलंबिया मागे पडली. आज ती मुख्यतः सिनेमाच्या सुरुवातीला मशाल धरून उभी असते.

'इंडिया' हाही त्याच घराण्यातला शब्द, '-इया'वाला, म्हणजे लॅटिनमध्ये बाईच. १७७८ साली स्पिरिडिओन रोमा या चित्रकाराने लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसच्या छतासाठी काढलेल्या चित्रात भारत स्त्रीरूपात ब्रिटानियापुढे रत्नं-मोती धरून उभा आहे. उभी आहे, म्हणायला हवं. आमच्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांच्या तोंडी हा फरक अजून ऐकू येतो: भारत 'जिंकला', पण इंडिया 'जिंकली'. व्याकरण न शिकवता असं कानात बसतं.

मग आपण भारताचं स्त्रीलिंग का केलं नाही? करून तर बघू. भारत, भारती. आणि इथेच अडतं, कारण भारती आधीपासून कुणीतरी आहे. ऋग्वेदाच्या आप्रीसूक्तांत इळा आणि सरस्वती यांच्या जोडीला येणारी देवी भारती. पुढे भारती म्हणजे वाणी, सरस्वती. महाराष्ट्राचं करून पाहा: महाराष्ट्री. ती तर प्राकृत भाषा, आपल्या मराठीची पूर्वज. गोंडांचं केलं तर गोंडी, गुजरातचं गुजराती, बंगालचं बंगाली. आपल्याकडे मुलखाच्या किंवा लोकांच्या नावाला स्त्रीलिंगी 'ई' लावली की हाती देश येत नाही, भाषा येते. लॅटिनच्या '-इया'तून राणी निघाली, आमच्या 'ई'तून बोली निघाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. देशाला बाई करायचं तर नावात जागाच शिल्लक नव्हती; तिथे वाणी आधीच येऊन बसली होती. म्हणून नावाच्या मागे नातं जोडावं लागलं: माता.

तेही पहिल्यांदा जोडलं गेलं ते बंगालात, आणि हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही. तिथे भारत 'तो' नाही आणि 'ती'ही नाही, त्यामुळे माता म्हणताना जीभ अडखळत नाही. १८६६ मध्ये भूदेव मुखोपाध्यायांनी पुराणाच्या धाटणीत लिहिलेल्या पुस्तकात 'अधिभारती' नावाची देवी आणली, म्हणजे 'भारती'चा प्रयोग एकदा होऊन गेला. टिकला तो दुसरा शब्द. १८७३ साली किरणचंद्र बंद्योपाध्याय यांचं 'भारतमाता' हे नाटक रंगभूमीवर आलं. बंकिमचंद्रांची 'आनंदमठ' कादंबरी १८८२ सालची. तिच्यातल्या गीतात माता आहे, पण 'भारत' हे नाव नाही. तिथल्या लेकरांची संख्या बंगालच्या लोकसंख्येची आहे. पुढे १९०५ साली, वंगभंगाच्या धामधुमीत, अवनींद्रनाथ ठाकूरांनी चित्र काढलं: भगव्या वस्त्रातली चार हातांची तरुणी, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि जपमाळ. तिचं पहिलं नाव बंगमाता होतं. नंतर ती भारतमाता झाली आणि भगिनी निवेदितांनी तिची वाखाणणी केली. तिच्याजवळ सिंह नव्हता, शस्त्र नव्हतं, नकाशा नव्हता. ते सगळं नंतर छापखान्यांनी दिलं.

समास सोडवायचा झाला तर पंचाईत आहे. 'भारत हीच माता' म्हटलं तर कर्मधारय, 'भारताची माता' म्हटलं तर षष्ठी तत्पुरुष. देशाचं नाव दुष्यंतपुत्र भरतावरून आलं असं मानणाऱ्यांनी दुसरा विग्रह धरला तर शकुंतलेच्या फार जवळ जाऊन पोचायला होईल! बंगाली माणसाला हा घोळ जाणवला नसेल. मराठीत मात्र 'माझा भारत' आणि 'माझी भारतमाता' असे दोन देश शेजारी नांदतात. शाळेच्या प्रतिज्ञेत पहिला, प्रभातफेरीत दुसरा. आणि घोषणा द्यायची वेळ आली की आपण 'भारतमातेचा विजय असो' म्हणतच नाही, सरळ हिंदीतून 'की जय' म्हणतो.

महाराष्ट्राला तर आपण माता केलंच नाही. तेलुगू मुलखात 'तल्ली', म्हणजे आई, आहे. तेलंगणात तिच्या पुतळ्याचं रूप कसं असावं यावरून २०२४ साली वाद झाला. कर्नाटकाला भुवनेश्वरी आहे. तमिळांनी देशाआधी भाषेलाच आई केलं, तिचं स्तवन १९७० पासून सरकारी समारंभांत गायलं जातं, आणि २०२१ पासून ते राज्यगीत आहे. सुब्रह्मण्य 'भारती' हा तमिळ कवी तर गंमतच: पदवी वाणीची आणि कविता भारतमातेवर. बैहरच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगढने स्वतःला 'महतारी', म्हणजे आई, म्हटलं, तिचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले. आपण? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं महाराष्ट्रगीत घ्या, गोविंदाग्रजांचं घ्या, राजा बढे यांचं घ्या. तिन्हींत महाराष्ट्र पुल्लिंगी आहे, लाडका आहे, कणखर आहे; आई नाही. २०२३ च्या शिवजयंतीपासून राज्यगीत झालं तेही बढ्यांचंच, 'माझा' म्हणणारं. कोल्हटकर आणि बढे जन्माने नागपूरचे, गोविंदाग्रजांनी, म्हणजे गडकऱ्यांनी, शेवटचा श्वास नागपूरजवळच्या सावनेरला घेतला. पुण्यामुंबईच्या लोकांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. आईपण आपण राखून ठेवलं ते भाषेसाठी: माय मराठी. म्हणजे पुन्हा तेच, 'ई'ची जागा वाणीची.

सावरकरांचं उदाहरण तर व्याकरणाच्या वर्गात सांगावं असं. स्वातंत्र्याला त्यांनी भगवती म्हणून आळवलं, १९०३ साली. वीस वर्षांनी 'हिंदुत्व' या इंग्रजी ग्रंथात देशासाठी शब्द निवडला तो 'पितृभू'. 'भू' स्त्रीलिंगी, 'पितृ' म्हणजे बाप. बापाची बाईच ती! दोन युरोपीय कल्पना, मातृभूमी आणि पितृभूमी, एका संस्कृत समासात कशा चिमटीत सापडतात ते पाहण्यासारखं आहे.

भारतमाता हे देशाचं अधिकृत नाव व्हावं असं मात्र कुणी सुचवलं नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत पहिल्या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हा भारत हे नाव आधी यावं म्हणून हट्ट धरणाऱ्यांत दोघे मध्यप्रांताचे होते: हरि विष्णु कामथ आणि जबलपूरचे सेठ गोविंददास. कामथांनी सुचवल्या गेलेल्या नावांची यादी सांगितली: भारत, हिंदुस्तान, हिंद, भारतभूमी, भारतवर्ष. तिच्यात एकटी 'भारतभूमी' स्त्रीलिंगी. गोविंददासांनी आठवण करून दिली की स्वातंत्र्याचा लढा आपण 'भारतमाता की जय' म्हणत लढलो. कामथांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. अनुच्छेदात दोन नावं राहिली: एक लॅटिनच्या हिशेबाने बाई, एक मराठीच्या हिशेबाने पुरुष. माता घोषणेतच राहिली.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी एक मुलगी भारतमाता व्हायची. निवड ठरलेली असे: गोरी, लांब केसांची. पुठ्ठ्याचा मुकुट, सोनेरी कागद. वर्गात गोंडांच्या दोन मुली होत्या. त्यांना 'आदिवासी नृत्य' मिळायचं. तेव्हा यात काही खटकतंय हे कुणाच्या गावीही नव्हतं, माझ्याही. आज खटकतं, कारण जमिनीला आई मानण्याचा सगळ्यात कडक नियम ज्यांनी पाळला ते लोक बैहरच्या पठारावर राहतात.

हे लोक म्हणजे बैगा. त्यांच्याबद्दल वेरियर एल्विनने १९३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. बैगा स्वतःला भुमिया म्हणवतात, भूमीचे लोक. नांगर धरायचा नाही, कारण तो आईची छाती फाडतो, असा त्यांचा दंडक. म्हणून बेवर: जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकायचं आणि काही वर्षांनी पुढे सरकायचं. इंग्रज जंगलखात्याला ही शेती म्हणजे लाकडाची नासाडी वाटली. बंदी आली, बैल-नांगर देऊन त्यांना 'सुधारण्याचे' प्रयत्न झाले, आणि १८९० मध्ये मंडल्याकडे 'बैगा चक' आखून तेवढ्यात बेवरला मोकळीक दिली. म्हणजे कोलकात्यात माता शब्द नाटकातून वर येत होता त्याच काळात इथे आईला नांगर लावायचा की नाही यावरून सरकारशी झगडा चालू होता. मातृभूमीच्या इतिहासात हे प्रकरण मी अजून वाचलेलं नाही, असायला हवं.

गोंडांच्या 'गोंडवाना'ची गोष्ट आणखी दूर गेली. मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये इथल्या खडकांना गोंडवाना म्हटलं, १८८५ मध्ये एडुआर्ड स्यूसने ते नाव एका प्राचीन महाखंडाला दिलं, आणि सातपुड्यातला शब्द अंटार्क्टिकापर्यंत पोचला. पण गोंडवानालाही 'माता' लागलेलं नाही. आई आहे ती काली कंकाली दाई. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला तिच्या लेकरांची यात्रा भरते. ती लोकांची आई. नकाशाची नव्हे.

नेहरूंनी 'भारताचा शोध'मध्ये एक प्रसंग लिहिला आहे. सभेत लोक भारतमातेचा जयजयकार करत, आणि ते विचारत, ही माता कोण? एका जाट शेतकऱ्याने उत्तर दिलं: धरती. नेहरूंनी पुढे विचारलं, कुठली धरती, गावाची, जिल्ह्याची, प्रांताची? आणि मग समजावलं की माता म्हणजे हे कोट्यवधी लोक. उत्तर सुंदर आहे, पण मला शेतकऱ्याचंही पटतं. बैहरच्या गावांत विचारलं असतं तर हेच ऐकायला मिळालं असतं, आणि 'कुठली' याचंही उत्तर तयार असतं: खेरमाई. खेडं या शब्दाचंच रूप 'खेर', त्याला माई जोडलेली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात खेरमाता म्हणजे भूमीची किंवा गावाची देवी अशी नोंद केली आहे. गावाच्या नावाची बाई झाली ती इथे, छापखाना आणि नाटक यांच्या कितीतरी आधी. वाराणसीला १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या भारतमाता मंदिरात मूर्ती नाही, संगमरवरातला अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. खेरमाईला नकाशाही लागत नाही. झाडाखालचा दगड पुरतो, कारण शीव सगळ्यांना पाठ असते.

बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या माईला घरातले म्हातारे नेमकं काय म्हणतात, खेरमाई, खेरो माता की आणखी काही, आणि तिची जागा शिवेच्या कुठल्या बाजूला आहे, एवढं एका कागदावर उतरवून ठेवा. दिवाळीला घरी गेलात की आजीला विचारा. शब्द तिच्याच तोंडी आहेत.