मैदानामागची माणसं

सांगवीसारख्या नीराकाठच्या गावात कबड्डी खेळणारी मुलं सहज मिळतात. फक्की मारायला, गुण लिहायला, मुलांना स्पर्धेला नेऊन आणायला माणूस मिळत नाही. नियमाप्रमाणे एका सामन्याला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा जण लागतात.

‘मंडळाला मदत करा’ असं मोघम सांगितलं की सगळे हो म्हणतात आणि कुणी येत नाही. ‘शनिवारी पाच ते सात गुण लिहाल का?’ असं एकेकाला गाठून विचारावं. दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम असतो. तोडणीच्या दिवसांत शेतकरी पालकाला हाक मारण्यात अर्थ नाही.

पहिला शोध वयोगटातून बाहेर पडलेल्या जुन्या खेळाडूंचा घ्यावा. किशोर गट 16 वर्षांचा. पुढे शिक्षण-नोकरीत हीच पोरं हरवतात. 1969 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास सेवा करायची असते. जवळच्या महाविद्यालयाला विचारून पाहावं. आयांना मात्र फक्त पोह्यांसाठी बोलावतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणी शाळेत कबड्डी, खो-खो खेळलेल्या असतात!

माणूस टिकवायचा तर पेट्रोलचे पैसे त्याच दिवशी द्या. सगळी कामं एकाच्या गळ्यात घालू नका. पंच परीक्षेचं शुल्क मंडळाने भरावं.

एक गोष्ट सक्तीची: मुलांसोबत एकटा मोठा माणूस ठेवू नये. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.